कोडोलीची निळी तार

सोमवार, ८ जानेवारी २००७

नव्या वहीचं पहिलं पान, म्हणून अक्षर नीट काढते आहे. आजपासून मी कोल्हापुरात नोकरीला. काल मुरगूडहून दोन पिशव्या आणि एक वळकटी घेऊन आले. राजारामपुरीत खोली मिळाली आहे. खिडकीसमोर शेवगा आहे आणि घरमालकीणबाई स्वभावाने बऱ्या वाटल्या. न मागताच त्यांनी भाकरी आणि झुणका आणून ठेवला.

ऑफिस शिरोलीला, एमआयडीसीत. डेअरीची सात गावांत केंद्रं आहेत. गावचं दूध तिथं टाकीत थंड होतं आणि मग टँकरने इकडे येतं. प्रत्येक केंद्रावर एक सर्व्हर आहे. पंप, झडपा, थंड करणारं मशीन, टाकीतलं दूध ढवळणारं मोठं पातं, सगळं तोच चालवतो. त्या पात्याला इथं सगळे रवी म्हणतात. आम्ही इथं बसून सातही सर्व्हरांत शिरायचं, बघायचं, लागेल ते सुरू-बंद करायचं. भिंतीवरच्या पडद्यावर सात हिरवे ठिपके आहेत. त्यातला एक आमच्या मुरगूडचा. तो पाहून उगाच बरं वाटलं.

साहेब म्हणजे उदयसिंह सर, मालकांचे पुतणे. सगळे त्यांना दादा म्हणतात, मला जमणार नाही. माझ्या आधी इथं सोमेश नावाचे एक जण होते, ते ऑगस्टमध्ये सोडून गेले. खुर्ची त्यांची, ड्रॉवरही त्यांचा. सरांनी पहिलं काम दिलं आहे. कोडोलीचं कनेक्शन रोज तुटतं, ते का तुटतं ते शोधून कायमचं बंद करायचं.

रोज लिहायची सवय आज्जांनी लावलेली. लहानपणी मला दमा होता, त्यामुळे चौथीपर्यंत मी शाळा पाहिली नाही. आज्जांच्या घड्याळदुरुस्तीच्या टेबलाशी बसून शिकले. त्यांचा नियम होता, रोज एक पान, जे झालं तेच लिहायचं. चुकलं तर खोडरबर नाही, एक आडवी रेघ मारायची. रेघेखालचं वाचता आलं पाहिजे.

बुधवार, १० जानेवारी

तीन दिवस कोडोलीचा ठिपका पाहते आहे. अकरा चाळीसला लाल होतो, बारा पंचवीसला पुन्हा हिरवा. एखाद-दोन मिनिटांचा फरक, पण रोज.

मी क्रमाने गेले. पासवर्ड बरोबर, पत्ता बरोबर. टेलिफोन खात्याच्या माणसाने लाइन तपासली, लाइन स्वच्छ. कोडोलीच्या सर्व्हरचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं, ते इथल्या घड्याळाशी जुळवलं. हे पाहून आज्जा खूश झाले असते.

पडद्यावर येणारा संदेश 'टाइम्ड आउट' असा आहे. म्हणजे आपण दार वाजवलं आणि आतून कुणी उत्तरच दिलं नाही. दुसरा एक संदेश असतो, 'रिफ्यूज्ड'. म्हणजे आत कोणीतरी आहे आणि येऊ नको म्हणतंय. पहिल्यात बहुतेक तार सुटलेली असते, दुसऱ्यात कुणीतरी दार बंद केलेलं असतं. कोडोलीचं पहिलं आहे, म्हणजे सोपं असावं.

सोमवार, १५ जानेवारी

सापडलं. कारण नाही, पण उपाय सापडला.

सर्व्हरच्या आत एक छोटं मॅनेजमेंट कार्ड असतं. सर्व्हर बंद पडला तरी ते जागं राहतं, दुरून सर्व्हरला उठवायला. सोमेश यांच्या ड्रॉवरमध्ये एक चिठ्ठी मिळाली. तिच्यावर 'कोडोली-२' आणि खाली एक मोबाइल नंबर. कोडोलीच्या कार्डाला त्यांनी मोबाइलचं सिम घातलेली एक डबी जोडली होती, म्हणजे तार तुटली तरी हवेतून दुसरी वाट. ही वाट गेल्या २१ ऑगस्टपासून बंद करून ठेवलेली होती. का, ते कुठंच लिहिलेलं नाही.

सरांना विचारलं. त्यांनी चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली आणि चालू कर म्हणाले. मी चालू केली आणि एक छोटा प्रोग्रॅमही लिहिला. तारेने उत्तर आलं नाही तर आपोआप दुसऱ्या वाटेने जायचं आणि अडकलेली आज्ञा पोचवायची.

अकरा चाळीस झाले, ठिपका हिरवाच राहिला. सरांनी पेढे मागवले. माझ्या कामाचे पेढे मी पहिल्यांदा खाल्ले.

मंगळवार, १६ जानेवारी

आज एक विचित्र गोष्ट झाली. तारीख-वेळेसह लिहिते.

अकरा बावन्नला कोडोलीच्या लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या आपोआप होणाऱ्या नोंदीत, एक ओळ उमटली, रवी सुरू करण्याची आज्ञा. ती मी दिली नव्हती. सर बाहेर होते. वापरकर्त्याच्या जागी काहीच नव्हतं. लगेच खाली दुसरी ओळ, 'रिफ्यूज्ड'. कोडोलीच्या सर्व्हरने आज्ञा नाकारली.

पाच मिनिटांत तिकडून फोन आला. गणपतराव नावाचे गृहस्थ, आवाज मोठा. त्यांनी नाव न विचारताच सुरुवात केली. तार काढलेली असताना पॅनेलवरचा दिवा कसा लागतो, कोल्हापुरात बसून कुणाचा जीव घ्यायचा विचार आहे, आणि एकदा घेतला तेवढ्यानं पोट भरलं नाही का. मी नवी आहे म्हणाले. ते म्हणाले, मागचाबी नवाच हुता, आणि फोन ठेवला.

'तार काढलेली असताना' म्हणजे काय? तार सुटत नाही, काढली जाते.

शुक्रवार, १९ जानेवारी

सरांना न सांगता कोडोलीला जाऊन आले. सांगायला हवं होतं.

गणपतराव आता फाटकावर बसतात. पूर्वी ते केंद्रप्रमुख होते. आधी त्यांनी मला, काय पावणं, आता काय न्यायला आलाय, असं विचारलं. मग मी दुपारपर्यंत तिथंच उभी राहिले तेव्हा चहा दिला आणि सांगायला लागले.

सकाळचं दूध टँकरमध्ये गेलं की टाकी रिकामी होते. मग एक बाई वरच्या तोंडातून आत उतरते आणि हाताने घासते. तोंड अरुंद, तिथं बारीक अंगाची बाईच जाते. चिमणाबाई अकरा वर्षं जात होती. सर्व्हर बसवला तेव्हा तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. पण कोल्हापुरातून बटण दाबलं की इथली रवी फिरते, हे तिनं एकदा पाहिलं. त्या दिवसापासून टाकीत उतरताना ती आधी सर्व्हरला कोल्हापूरशी जोडणारी निळी तार काढायची, गुंडाळायची आणि कमरेला खोचायची. वर आली की परत जोडायची.

गणपतराव म्हणाले, "बाई आत असली की तार भाईर. कोल्हापूरला लाल दिसू दे न्हायतर काळं. जीव लाल दिव्यापरास मोठा हाय की."

म्हणजे तो लाल ठिपका बिघाड नव्हता.

२१ ऑगस्टला सोमवार होता. चिमणाबाई टाकीत होती, तार तिच्या कमरेला होती. सोमेश यांनी आदल्या आठवड्यात टाकीच्या मागे डबी बसवली होती, रोजच्या लाल ठिपक्यावरून सरांची बोलणी खाऊन. केंद्रावर कुणालाच ते सांगितलेलं नव्हतं. रवी फिरली. कागदावर असं लिहिलं गेलं की गणपतरावांनी चुकून इथलाच स्विच दाबला. त्यांच्याकडून सही घेतली गेली.

आता टाकीत बाळाबाई उतरते, चिमणाबाईची धाकटी जाऊ. मी निघताना फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "तार मी न्हाय काढत, बाई. मी सोडा घेऊन येतो तवर ती काढून टाकीवर ठेवलेली असती. वली असती."

मी हात लावून पाहिली. ओली होती. धुण्याच्या सोड्याचा वास येत होता.

सोमवार, २२ जानेवारी

सकाळी आल्या आल्या दुसरी वाट बंद केली. सिम रद्द करवलं. त्या नंबरवर फोन लावला तर नंबर अस्तित्वात नाही असं ऐकू येतं. माझा प्रोग्रॅमही काढून टाकला.

अकरा चाळीस, ठिपका हिरवा.

तार काढलेली आहे, हे गणपतरावांनी फोनवर सांगितलं. सिम मेलेलं आहे. तरी हिरवा. मी कोडोलीच्या आत आहे. कुठून आहे ते कळत नाही.

गुरुवार, २५ जानेवारी

कोल्हापूरच्या सर्व्हरवरचा २१ ऑगस्टचा लॉग पुसलेला आहे. २० नंतर एकदम २२. पण कार्डाची स्वतःची एक छोटी नोंद असते, ती फारसं कुणी उघडत नाही. ती आज उघडली.

२१ ऑगस्ट २००६. ११:५२. रवी सुरू. वाट: दुसरी. वापरकर्ता: उदयसिंह.

त्याच्या वर, ११:४९ ला, सोमेश यांनी तीच आज्ञा रद्द केल्याची ओळ आहे. म्हणजे त्यांनी थांबवलं होतं आणि सरांनी स्वतःच्या नावाने पुन्हा दिली. दुसरा टँकर लवकर येणार होता, टाकी लवकर खंगाळून हवी होती, असं गणपतराव म्हणाले होते.

मी सरांना दाखवलं. कुणाला तरी दाखवायला हवं, एवढंच मला सुचलं आणि मी त्यांनाच दाखवलं.

ते ओरडले नाहीत. बस म्हणाले. चहा मागवला. आज्जांची तब्येत विचारली. मग सांगितलं की झालेलं परत येत नाही, त्या बाईच्या घरातल्याच दुसऱ्या बाईला काम दिलं आहे, आणि जुन्या नोंदी साफ ठेवणं हे आता माझं काम आहे. सुष्मिता, तुझ्याच नावाने आत जा आणि पूस, म्हणाले. माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.

मी पुसलं.

रेघ मारली नाही. पुसलं. खालचं आता कुणालाही वाचता येणार नाही.

शुक्रवार, २६ जानेवारी

सुट्टी. झेंडावंदनाला गेले नाही. घरमालकीणबाईंनी दोनदा विचारलं, बरं नाही का. मुरगूडला फोन केला. आज्जा विचारत होते, रोज लिहितेस ना. लिहिते म्हणाले.

मंगळवार, ३० जानेवारी

११:५२. पुसलेली ओळ परत आली आहे. तीच तारीख, तीच वेळ, तीच वाट. फक्त वापरकर्ता बदलला आहे.

वापरकर्ता: सुष्मिता.

पुसली. ११:५३ ला परत आली. पुसली. परत आली.

गुरुवार, १ फेब्रुवारी

आता दोन ओळी असतात. एक माझ्या नावाची, एक सरांच्या. ११:५२ लाच येतात. एरवी लॉग कोरा.

कोडोलीचा सर्व्हर गणपतरावांकरवी दहा मिनिटं पूर्ण बंद करवला, वीज काढून. तरी मी इथून आत जायचा प्रयत्न केला. 'टाइम्ड आउट' यायला हवं होतं. आलं 'रिफ्यूज्ड'.

वीज नाही. तार नाही. आणि आतून कोणीतरी नको म्हणतंय.

शनिवार, ३ फेब्रुवारी

सकाळी माझ्या ड्रॉवरमध्ये निळी तार होती. गुंडाळलेली. ओली. खाली कागद भिजले होते, सोमेश यांची चिठ्ठी वाचता येत नाही आता. मी कुणाला विचारलं नाही. जिथं होती तिथंच ठेवली.

कारखाना निरीक्षकांकडे जावं का? काय दाखवू? पुरावा मी पुसला. राहिला आहे तो माझ्या नावाने आहे.

सोमवार, ५ फेब्रुवारी

बाळाबाईने निरीक्षकांकडे अर्ज दिला. गणपतरावांनी आपल्याकडून सही करून घेतल्याचं लिहून दिलं. शुक्रवारी तपासणी आहे. सरांनी मला बोलावून विचारलं, दुसऱ्या वाटेची काही खूण राहिली आहे का. टाकीमागची डबी राहिली आहे, मी म्हणाले.

खरं बोलले. पण खरं बोलून मी त्यांना कुठं पाठवते आहे हे मला त्या क्षणी माहीत होतं. हेही लिहिलं पाहिजे.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

११:५२. आज एकच ओळ. तारीख जुनी नाही.

७ फेब्रुवारी २००७. रवी सुरू. प्रलंबित.

सरांना सांगावं म्हणून उठले. दारापर्यंत गेले. ते फोनवर हसत होते. काय गं, पुन्हा भूत दिसलं का, एवढंच विचारलं आणि परत फोनवर.

परत येऊन बसले.

बुधवार, ७ फेब्रुवारी

सर साडेदहाला कोडोलीला गेले. एकटे. डबी स्वतः काढणार.

११:४४ — सरांचा फोन. डबी टाकीवर उभं राहून काढली, हातातून निसटली, उघड्या तोंडातून आत पडली. टाकी रिकामी आहे, शिडी आहे, उतरतो म्हणाले. फोन बाहेर ठेवतो. बाळाबाई आणि गणपतराव ऑफिसात बसले आहेत. शेवटी हसून म्हणाले, "काळजी करू नको. तार मीच काढलीय, खिशात हाय माझ्या."

११:४६ — ठिपका हिरवा.

तार त्यांच्या खिशात. सिम रद्द. हिरवा.

११:४७ — प्रलंबित ओळ वर आली. ११:५२ ला सुरू होणार. वापरकर्ता: सुष्मिता. खाली विचारतं आहे, रद्द करायचं का. एकच कळ दाबायची.

११:४८ — हात कळेवर आहे. सोमेश यांनी याच खुर्चीतून ११:४९ ला दाबली होती. ती कुणी उलटवली—

११:४९ — डावा हात कळेवर, उजव्याने लिहिते.

ऑफिसात सोड्याचा वास.

११:५१ — कळ दाबली. 'रिफ्यूज्ड'. पुन्हा. 'रिफ्यूज्ड'. माझ्या मशीनची तार ओढून काढली, हातात आहे, ओली आहे, मी ओली केलेली नाही — कमरेला खोचली, का खोचली — ठिपका हिरवाच—

कोडोलीला फोन लावला. बाळाबाईने उचलला. सरांना बाहेर काढा म्हणाले, आत्ता, रवी सुरू होते आहे. ती म्हणाली,

"तार काढलीया की त्येंनी. आता भ्या कसलं?"

फोन ठेवला नाही तिनं. ऐकू येत होतं. आधी पंप. मग—

११:५२ — रवी सुरू. वापरकर्ता: सुष्मिता.

ओळ पक्की झाली आहे. पुसायला जाणार नाही. रेघही नाही.

आज्जा, जे झालं तेच लिहायचं. मी सुरू केलं नाही. कळ मी दाबली, तार मी काढली, फोन मी केला. पण ११:५१ ला. ११:४८ ला हात कळेवर होता. मधली तीन मिनिटं कळ चालली असती, तेव्हा चिमणाबाईनं नाकारलं नसतं, मला माहीत होतं. ती माझ्यासाठी थांबली होती. बघत होती मी काय करते

कमरेची तार कोणीतरी हळूच ओढतंय. मागे वळत नाही, आधी लिहून होऊ दे. त्या तीन मिनिटांत मला भीती वाटत नव्हती. मी घड्याळाकडे बघत होते. मी वाट पाह—